वॉर्ड किती सुरक्षित आहे, हे परिचारिकेला विचारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयात 'पेशंट सेफ्टी कल्चर'चे, म्हणजे आपल्या विभागात पेशंट किती सुरक्षित वाटतात हे कर्मचाऱ्यांनाच विचारणारे, फॉर्म वाटले की ड्यूटीरूममध्ये तेच ते प्रश्न कानावर येतात. मी स्टाफ नर्स म्हणून सुरुवात केली, पुढे वॉर्डाची इन्चार्ज झाले, आता नव्या मुलींना शिकवते. हा फॉर्म मी भरलाही आहे आणि वाटलाही आहे. सिस्टर लोकांनी आणि ब्रदर लोकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत.

सुरक्षिततेचे नियम तर भिंतीवर लावलेलेच आहेत. मग ही 'संस्कृती' म्हणजे वेगळे काय?

रात्री तीन वाजता, सुपरवायझरचा राउंड होऊन गेल्यावर, वॉर्डात प्रत्यक्ष जे घडते ती संस्कृती. नियम सांगतो की इन्सुलिनचा डोस दोघींनी तपासून द्यावा. नाईटला तीस पेशंटमागे एकच सिस्टर असते, म्हणून दुसरी सही सकाळी येणारी करते. हे सगळ्यांना माहीत असते, कुणी बोलत नाही, आणि नवी आलेली मुलगी आठवड्यात शिकते की इथे असेच चालते. 'इथे असेच चालते' हे वाक्य चांगल्या अर्थानेही वापरता येते. काही वॉर्डांत रक्ताची बाटली लावण्याआधी दोघीजणी बॅगवरचा नंबर आणि केसपेपर मोठ्याने वाचतात. कितीही घाई असली तरी वाचतात, आणि नवी मुलगी तेही आठवड्यातच शिकते.

मग परिचारिकांनाच का विचारायचे? डॉक्टर आहेत, प्रशासन आहे, क्वालिटीवाले आहेत.

त्यांनाही विचारतातच. पण पेशंटजवळ चोवीस तास आपण असतो. डॉक्टर राउंडला येतात, फिजिओथेरपिस्ट अर्धा तास येतात, क्वालिटी विभाग कागद पाहतो. कुठल्या बेडची रेलिंग लागत नाही, कुठला सिरिंज पंप मध्येच बंद पडतो, कुठल्या सरांना रात्री फोन करायला सगळ्या घाबरतात, हे परिचारिकेला ठाऊक असते. वेगवेगळ्या देशांतल्या अशा सर्वेक्षणांत एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. व्यवस्थापनातल्या लोकांना आपले रुग्णालय जितके सुरक्षित वाटते, तितके ते खाटेजवळ काम करणाऱ्यांना वाटत नाही. वरचे खोटे बोलतात असा याचा अर्थ मी काढत नाही. वर जाईपर्यंत वाईट बातमी गाळली जाते. इन्चार्ज अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, सांगताना थोडी गाळते, अधिसेविका अधीक्षकांना सांगताना आणखी थोडी. फॉर्म ही गाळणी टाळून थेट वर पोचतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

हा फॉर्म आला कुठून?

१९९९ मध्ये अमेरिकेत एक अहवाल आला. तिथल्या रुग्णालयांत उपचारातल्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा अंदाज त्यात होता. चुका वाईट माणसांकडून होत नाहीत, सदोष व्यवस्थेतून होतात, ही त्यातली मुख्य मांडणी. त्यानंतर २००४ मध्ये तिथल्या 'एएचआरक्यू' या सरकारी संस्थेने रुग्णालयांसाठी प्रश्नावली काढली. ४२ विधाने, १२ अंगे म्हणजे विषय. २०१९ मध्ये तिची छोटी, सुधारित आवृत्ती आली, तीत १० अंगे आहेत. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांतले प्रबंध आणि रुग्णालयांतली सर्वेक्षणे बहुतेक याच प्रश्नावलीच्या आधाराने होतात.

यात आपल्या वॉर्डातली एकजूट, दुसऱ्या विभागांशी जमणे, इन्चार्जचे वागणे, मनुष्यबळ, ड्यूटीचे ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणे), चूक झाल्यावर मिळणारी वागणूक, मोकळेपणाने बोलता येणे यांवर विधाने असतात. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' यांपैकी एकावर खूण करायची. शेवटी आपल्या विभागाला सुरक्षिततेसाठी श्रेणी द्यायची, आणि गेल्या वर्षभरात आपण किती घटना कळवल्या तो आकडा.

एक सूचना मी प्रत्येक वेळी देते. काही विधाने मुद्दाम उलटी लिहिलेली असतात. 'आमच्या चुका आमच्याविरुद्ध वापरल्या जातात' याला सहमती दिली तर गुण कमी होतात. ड्यूटी संपताना घाईत सगळीकडे 'सहमत' ठोकत गेले की तो फॉर्म वाया जातो.

पण हे सगळे 'वाटणे' झाले. वाटण्यावरून सुरक्षितता कशी मोजणार?

सुरक्षितता पूर्ण मोजली जात नाही, हे खरे. बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) किती झाले, पेशंट किती पडले, किती डोस चुकले हे आकडे वेगळे ठेवावेच लागतात.

पण आपल्या धंद्यात वाटण्यावरच कृती ठरते. चूक सांगितली तर मेमो मिळेल असे मला वाटत असेल, तर मी ती सांगणार नाही. प्रत्यक्षात मेमो मिळाला असता की नाही, याने काही फरक पडत नाही. माझ्या न सांगण्यामुळे तुमच्या आकड्यांच्या वहीत ती चूक येणारच नाही. म्हणजे वाटणे मोजले नाही, तर मोजलेले आकडेही खरे आहेत की नाही ते कळायला मार्ग राहत नाही.

सगळीकडे साधारण काय दिसते?

आपल्या वॉर्डातल्या एकजुटीला सहसा चांगले गुण मिळतात. एकीला उलटी झाली, पाळी आली, घरून फोन आला, तर दुसरी तिचे इंजेक्शनचे राउंड उरकते. आपण एकमेकींना सांभाळून घेतो. सर्वात कमी गुण बहुतेक ठिकाणी चुकीनंतर मिळणाऱ्या वागणुकीला आणि मनुष्यबळाला मिळतात. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) वॉर्डात, कॅज्युअल्टीतून आयसीयूत पेशंट जाताना जे निसटते, तेही खालीच राहते. ज्या अंगाला ७५ टक्के किंवा जास्त उत्तरे अनुकूल मिळतात ते बलस्थान समजतात, ५० टक्के किंवा त्याहून कमी मिळाली की तिथे काम करायचे.

फॉर्मवर नाव नसते, पण अक्षरावरून आणि अनुभवाच्या वर्षांवरून ओळखतातच ना?

ही भीती रास्त आहे. पाच जणींच्या विभागात '२१ वर्षांपेक्षा जास्त अनुभव' अशी एकच सिस्टर असली तर ती कोण, हे वेगळे शोधावे लागत नाही. म्हणून चांगले सर्वेक्षण करणारे लोक छोट्या विभागांचे निकाल वेगळे दाखवत नाहीत, दोन-तीन विभाग एकत्र करतात. फॉर्म इन्चार्जच्या हातात द्यायला सांगत असतील तर स्पष्ट नाही म्हणा आणि बंद पेटी मागा. मोबाइलवरून भरायचा असेल तर नंबर किंवा ईमेल मागतात का ते आधी पाहा. मी स्वतः एकदा इन्चार्ज म्हणून माझ्याच मुलींचे फॉर्म गोळा केले होते. सगळ्यांनी मला भरभरून गुण दिले. त्या कागदांचा काहीच उपयोग नव्हता, आणि ती चूक माझी होती.

चूक कळवली की मेमो मिळतो, सीआर (गोपनीय अहवाल) खराब होतो. मग कळवायची कशाला?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याला सरळ उत्तर द्यायला हवे. भीती खोटी आहे असे मी कुणालाही सांगत नाही.

६ नोव्हेंबर २०२१ ला तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. तीन दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. कोण किती दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण राज्यभरातल्या परिचारिकांनी त्या बातमीतून एकच अर्थ घेतला, की काही झाले तर पहिला हात आपल्यापर्यंत येतो. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये २०१७ च्या डिसेंबरात एका परिचारिकेने औषधाच्या स्वयंचलित कपाटातून मिडाझोलामऐवजी व्हेक्युरोनियम काढले. पहिले औषध शांत करणारे, दुसरे श्वासाचे स्नायू थांबवणारे. रुग्ण दगावली. परिचारिकेने चूक स्वतः कबूल केली होती. मार्च २०२२ मध्ये तिच्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला आणि मे महिन्यात तीन वर्षे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तिकडच्या परिचारिकांचा प्रश्नही आपल्यासारखाच होता, यापुढे कोण कबूल करेल?

आपल्या कायद्यातला एक तपशील अनेकींना माहीत नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(१) प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचारादरम्यान तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत. पण ही व्याख्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीवर आधारलेली आहे, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर नाही. एकाच ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला जी सवलत मिळते, ती सिस्टरला मिळत नाही. हा अन्याय आहे आणि परिचारिकांच्या संघटनांनी तो लावून धरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एवढे असूनही कळवा, असे मी सांगते. याचे पहिले कारण तो पेशंट. चुकीचा डोस गेला हे डॉक्टरला लगेच कळले तर उतारा देता येतो, लक्ष ठेवता येते. लपवलेल्या चुकीत तो वेळ जातो. दुसरे कारण आपण स्वतः. वेळेवर, लेखी, जसे घडले तसे कळवलेले असणे हे पुढे चौकशीत आपल्याच बाजूने उभे राहते. नंतर खाडाखोड केलेला केसपेपर कुणालाच वाचवत नाही. काय लिहायचे? वेळ, काय दिले, काय द्यायचे होते, पेशंटची नाडी-बीपी-श्वास, कुणाला किती वाजता कळवले, त्यांनी काय सांगितले. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असले शब्द लिहू नका, कुणी लिहून द्यायला सांगितले तरी. घडले ते लिहा, निष्कर्ष चौकशी करणाऱ्यांना काढू द्या.

मग कुणालाच जबाबदार धरायचे नाही का?

धरायचे. 'जस्ट कल्चर' म्हणतात त्याला मी 'न्याय्य वागणूक' म्हणते, त्यात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. एक, नकळत झालेली चूक : दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांतली चुकीची उचलली. तिथे माणसाला धीर द्यायचा आणि बाटल्या वेगळ्या ठेवायच्या. दोन, सवयीने घेतलेला धोका : वेळ वाचावा म्हणून पाच जणांची इंजेक्शने एकाच ट्रेमध्ये भरून नेली. तिथे समजावायचे, आणि तसे करावे का लागते तेही शोधायचे. तीन, धोका दिसत असताना जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा : ड्यूटीवर दारू पिऊन येणे, न घेतलेले बीपी तासातासाने लिहून ठेवणे. तिथे कारवाई हवीच.

आपल्याकडे तिन्हींना एकच मेमो मिळतो, आणि मेमो किती कडक हे बहुतेक वेळा पेशंटचे काय झाले यावर ठरते. पेशंट वाचला तर तोंडी समज, गेला तर निलंबन. कृती मात्र दोन्हीकडे तीच असते.

चूक होता होता टळली, तर ती कशाला सांगायची? काही झालेच नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. नोकरीचे तिसरे वर्ष होते, मेडिकल वॉर्डची नाईट. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर हवे होते. हात घालून दहा मिलीचा ॲम्प्यूल काढला, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढला. पेशंटकडे निघताना टेबलावरच्या रिकाम्या ॲम्प्यूलकडे सहज नजर गेली. पोटॅशियम क्लोराइड. तेही दहा मिली, काच तशीच, छपाईही जवळपास तशीच, आणि दोन्ही एकाच खोक्यात. ते न मिसळता थेट शिरेत गेले असते तर त्या माणसाचे हृदय तिथेच थांबले असते.

मी सिरिंज रिकामी केली, नवीन औषध तयार केले, दिले. हात सकाळपर्यंत थरथरत होते. कुणालाही सांगितले नाही. काय सांगणार? 'काही झालेच नव्हते.' काही आठवड्यांनी माझ्या बरोबरीची मुलगी डबा खाताना हळूच म्हणाली, "अगं, माझ्या हातून परवा केसीएल ओढलं गेलं होतं." केसीएल म्हणजे तेच पोटॅशियम क्लोराइड, खोकेही तेच. माझ्या गप्प बसण्यामुळे ते खोके तसेच राहिले होते. ती थांबली हे त्या पेशंटचे नशीब.

मग आम्ही दोघींनी मिळून इन्चार्ज सिस्टरांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्या दिवशीच पोटॅशियमचे ॲम्प्यूल वेगळ्या डब्यात, लाल चिकटपट्टी लावून, कुलपात गेले. खर्च चिकटपट्टीचा. पुढे मला कळले की अतितीव्र पोटॅशियम वॉर्डाच्या सर्वसाधारण साठ्यात मोकळे ठेवू नये, ही जगभर मान्य झालेली सूचना आहे. म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या हातात तो ॲम्प्यूल आला असणार, आणि काहींची नजर टेबलाकडे गेली नसणार.

टळलेली चूक सांगितली की कुणाचे नुकसान न होता शिकता येते.

आमच्या वॉर्डातून वर्षभरात एकही इन्सिडेंट रिपोर्ट गेला नाही. हे चांगलेच ना?

नाही. तीस खाटांच्या वॉर्डात वर्षभर एकही पेशंट घसरला नाही, एकही डोस उशिरा गेला नाही, एकही सलाईन शिरेबाहेर गेली नाही, हे शक्य नाही. शून्य म्हणजे लिहिले गेले नाही.

ॲमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या वॉर्डांत औषधांच्या चुका मोजल्या. ज्या वॉर्डात एकजूट चांगली, प्रमुख परिचारिका चांगली, तिथे चुका कमी असतील, असे तिला वाटत होते. आकडे उलटे आले, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त. शोध घेतल्यावर उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त बोलल्या जात होत्या. म्हणून अधिसेविकांना माझी विनंती असते की ज्या वॉर्डातून रिपोर्ट वाढले, त्या इन्चार्जला मासिक बैठकीत उभे करून जाब विचारू नका. तिथे पुढच्या महिन्यात शून्य येईल, याची मी खात्री देते.

मनुष्यबळच नाही. संस्कृती काय करणार?

हा प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरच्या आवाजात राग असतो, आणि तो बरोबर आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १, इतर रुग्णालयांत ५ मागे १, अतिदक्षतेत १ ला १ असे प्रमाण आहे, रजेसाठीचे राखीव मनुष्यबळ वेगळे. आता आपला वॉर्ड आठवा, खाली गाद्या टाकलेल्या पेशंटसकट.

लिंडा एकेन या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. म्हणजे मनुष्यबळाची मागणी ही सोयीची मागणी नव्हे, ती थेट जीव वाचवण्याची मागणी आहे. सर्वेक्षणात मनुष्यबळाला कमी गुण आले की प्रशासन ते 'नेहमीचे रडगाणे' म्हणून बाजूला ठेवते. त्याऐवजी तो आकडा, त्या महिन्यातले बेडसोर आणि नाईटला किती सिस्टर होत्या हे एकाच कागदावर मांडून पाठवा. पद भरती मागताना असा कागद उपयोगी पडतो.

पण माणसे कमी आहेत म्हणून बाकी सगळे थांबवायचे, हे मला पटत नाही. लाल चिकटपट्टीला पद मंजूर करावे लागत नाही.

ओव्हर घेताना काय चुकते?

बसून, वहीवरून, सगळ्या पेशंटचे एकदम ओव्हर घेतले की चुकते. '१४ नंबर, स्टेबल, सीटी', म्हणजे उपचार तेच चालू, एवढेच. बेडजवळ उभे राहून घेतले तर सलाईनवरची वेळ दिसते, कॅथेटरची पिशवी दिसते, आणि पेशंट स्वतः सांगतो, "सिस्टर, मला दुपारचं इंजेक्शन नाही मिळालं." वेळ नसेल तर निदान गंभीर पेशंटचे आणि त्या दिवशी ऑपरेशन झालेल्यांचे ओव्हर बेडजवळ घ्या. फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर एकसारखे ऐकू येतात.

डॉक्टरांना टोकायचे कसे? ते 'सर', आपण 'सिस्टर'.

मराठी वॉर्डात हा पेच खरा आहे. वयाने, पदाने मोठ्या माणसाला 'हे चुकतंय' म्हणणे आपल्या तोंडी येत नाही, घरीही येत नाही. म्हणून मी नव्या मुलींना वाक्येच पाठ करून देते. पहिल्यांदा विचारायचे, "सर, या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिली आहे, तरी द्यायचं का?" ऐकले नाही तर दुसऱ्यांदा, "सर, मला काळजी वाटते, एकदा पेपर बघता का?" तरीही नाही, तर, "सर, मी हे देऊ शकत नाही, मॅडमना फोन करते," आणि तसे नोंदवायचे. आदर राखूनही थांबता येते.

ओटीत यासाठी चेकलिस्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी २००८ मध्ये आली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. कापण्यापूर्वी सगळे थांबतात, पेशंटचे नाव, ऑपरेशन, बाजू मोठ्याने बोलली जाते. यादी मोठ्याने वाचणारी बहुतेकदा परिचारिका असते. त्या अर्ध्या मिनिटात सर्जनही तिचे ऐकतात. पण यादी ऑपरेशननंतर एकदम टिकमार्क करून भरली जात असेल, तर सर्वेक्षणात तसे लिहा.

कंत्राटी आणि बंधपत्रित (ठरावीक काळ सेवेचे बंधन लिहून दिलेल्या) मुलींनी काय करावे? त्यांना तर उद्या येऊ नका म्हणतात.

९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतरच्या कारवाईत नियमित सेवेतले निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांच्या सेवा थेट संपवल्या. निलंबनात चौकशी असते, निर्वाह भत्ता असतो. सेवा संपवली की सगळे संपते. अशा नोकरीतली मुलगी 'मोकळेपणाने बोला' या फलकावर विश्वास ठेवत नाही, आणि मी तिला दोष देत नाही. म्हणून तिच्या वतीने कायम नोकरीतल्या सिस्टरने रिपोर्ट लिहावा. मी लिहिले आहेत. घटना महत्त्वाची, खाली सही कुणाची हे नंतरचे.

आमच्या स्वतःच्या सुरक्षिततेचे काय?

ती वेगळी काढता येत नाही. मुंबईच्या केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ ला अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. आपल्या व्यवसायाची याहून मोठी ओळख मला सांगता येणार नाही. पण अंधारा जिना, कुलूप नसलेली चेंजिंग रूम, पंचवीस नातेवाइकांसमोर एकटी उभी असलेली नाईटची सिस्टर आजही आहे. घाबरलेल्या माणसाच्या हातून डोस चुकतो. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातील हिंसेविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. शिवीगाळीचीही नोंद ठेवा.

सुई टोचली तर आधी साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. 'ड्यूटी संपल्यावर बघू' म्हणू नका.

फॉर्म इंग्रजीत आहे. मराठीत केला तर चालेल का?

चालेल, करायलाच हवा, पण शब्दाला शब्द लावून नको. 'सुपरवायझर' म्हणजे आपल्याकडे इन्चार्ज, परिसेविका की नाईट सुपरवायझर? ठरवले नाही तर प्रत्येक जण वेगळ्या माणसाला गुण देते. 'घटना' म्हटले की अनेकींना फक्त मृत्यू किंवा भांडण आठवते. एका जाणकाराने मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करावे, दोन्ही ताडून पाहावीत. मग आठ-दहा जणींकडून भरून घेऊन त्यांना काय समजले ते विचारावे. मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आया) फॉर्म द्यायचा असेल तर वाचून दाखवणारी व्यक्ती त्यांच्या वॉर्डातली नसावी.

एनएबीएचचा, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाच्या मान्यतेचा, बोर्ड लागला म्हणजे प्रश्न मिटला का?

बोर्डामुळे कागद, पद्धती, प्रशिक्षण येते. ते हवेच. तपासणीच्या आठवड्यात जशी ड्यूटी लागते, तशी तपासणीनंतरच्या आठवड्यात लागते का, एवढे पाहा.

रुग्णालयाच्या बाहेर कुठे कळवता येते?

औषधाचा दुष्परिणाम असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाला परिचारिका स्वतः कळवू शकते, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रक्त चढवताना आलेल्या रिॲक्शनसाठी २०१२ पासून, आणि सदोष उपकरणांसाठी २०१५ पासून असेच राष्ट्रीय कार्यक्रम आहेत.

सर्वेक्षण दोनदा झाले, काहीच बदलले नाही. तिसऱ्यांदा का भरू?

निकाल आधी दाखवा, मग भरते, असे सांगा. दर १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिनाला रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा होतात. त्याच दिवशी वॉर्डावॉर्डाचे निकाल फळ्यावर लावायला काहीच खर्च नाही. सगळे एकदम बदलत नाही. एका वॉर्डने एक गोष्ट निवडावी, तीन महिने करावी, काय झाले ते ज्यांनी सांगितले होते त्यांना परत सांगावे. परत सांगणे राहून जाते, आणि पुढच्या वेळी फॉर्म कोरे येतात.

शेवटच्या मोकळ्या जागेत काय लिहायचे?

'सुधारणा व्हावी' असे लिहू नका. बेडचा नंबर, वेळ, वस्तू लिहा. '११ नंबरच्या बेडची डावी रेलिंग निघते. क्रॅश कार्टमधल्या लॅरिंगोस्कोपचा सेल गेला आहे, दोनदा इन्डेंट दिला. शनिवारी नाईटला दोन व्हेंटिलेटरच्या पेशंटना मिळून मी एकटी होते.'